कलम बांधणाऱ्याचे हात : थंडीतील भेगा आणि चाकूचे काम

अमरावती जिल्ह्यातील वरुड व मोर्शी आणि नागपूर जिल्ह्यातील काटोल व नरखेड हे तालुके संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत. या बागांना लागणारी कलमे ज्या रोपवाटिकांत तयार होतात, त्यांत वरुड तालुक्यातील शेंदुरजनाघाट परिसरातील रोपवाटिकांचे स्थान मोठे आहे. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरून ही कलमे करतात. या कामाचा मुख्य हंगाम थंडीचा होय. याच दिवसांत हवेतील ओलावा कमी होतो, पहाटेचा गारठा वाढतो आणि कोरडा वारा सुटतो. डोळा भरण्यास हा काळ मानवतो. डोळा भरणाऱ्याच्या हातांना मात्र तो मुळीच मानवत नाही.

हंगाम सुरू होऊन दोन-तीन आठवडे लोटतात न लोटतात तोच कलम बांधणाऱ्यांचे हात उलू लागतात. प्रथम तळहाताची कातडी खरखरीत होते. नंतर अंगठ्याच्या टोकाला नखाच्या कडेने, तर्जनीच्या बाजूला जेथे चाकूची मूठ टेकते तेथे, आणि बोटांच्या सांध्यांवरील वळ्यांत बारीक चिरा पडतात. पुढे त्या खोल जाऊन त्यांतून रक्त येऊ लागते. हे दुखणे किरकोळ समजून बहुधा कोणी त्याकडे लक्ष देत नाही. ‘थंडीचे हात फुटायचेच’ असे म्हणून माणूस कामाला लागतो.

परंतु हे दुखणे किरकोळ नाही. डोळा भरण्याचे सारे यश एका सरळ, एका ओढीच्या कापावर अवलंबून असते. डोळकाडीवरून डोळा उतरविताना डाव्या हाताच्या बोटांवर काडी टेकवून उजव्या अंगठ्याचा आधार घ्यावा लागतो. त्या अंगठ्याला भेग असेल तर माणूस नकळत तो अंगठा वाचवितो. मग पाते अडखळते, डोळ्यामागची साल लहरी कापली जाते, कोठे लाकूड अधिक येते तर कोठे साल फाटते. असा डोळा खुंटाच्या सालीखाली सपाट बसत नाही. आतील ओला थर ओल्या थराला भिडत नाही आणि डोळा वाळून जातो. पट्टी आवळतानाही तसेच. प्लॅस्टिकची पट्टी ताणून बांधताना ती नेमकी बोटाच्या वळीतील भेगेत रुतते, म्हणून दुखऱ्या हाताची बांधणी सैल राहते. काम बहुतेक ठिकाणी नगावर दिले जाते. त्यामुळे दुखऱ्या हाताचे नुकसान आधी मजुराच्या मजुरीत दिसते आणि महिन्याभराने मालकाच्या वाफ्यात.

भेगा का पडतात

उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा का पडतात, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. मातीतील ओल उडाली की ती आकसते आणि जेथे ताण अधिक तेथे फाटते. हाताच्या कातडीचेही पुष्कळसे तसेच आहे. कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असून त्या पेशींच्या मधल्या जागेत स्निग्ध द्रव्य असते. या स्निग्ध द्रव्यामुळे आतील ओल एकदम बाहेर पडत नाही व कातडी लवचीक राहते. अंगावर इतरत्र केसांच्या मुळाशी तेल स्रवणाऱ्या ग्रंथी असतात. तळहात व तळपाय यांना त्या नसतात. तेथे केवळ घामाच्या ग्रंथी आहेत. म्हणजे तळहाताचे तेल एकदा धुऊन गेले की ते भरून काढणारा झरा जवळ नाही. टाचा आणि तळहात हेच प्रथम का फुटतात, याचे एक कारण हे आहे.

हे तेल धुऊन नेणाऱ्या गोष्टी रोपवाटिकेत पुष्कळ आहेत. सकाळी वाफ्यांना पाणी देताना हात ओले होतात व वाऱ्याने सुकतात. पुन्हा ओले होतात, पुन्हा सुकतात. एकसारखे ओले राहण्यापेक्षा हे ओले-कोरडे होणे अधिक बाधते. ओली माती बोटांवर वाळताना कातडीची ओल ओढून घेते. संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या रोगापासून जपण्यासाठी मोरचूद १ किलो, चुना १ किलो व पाणी १० लिटर या प्रमाणात केलेला बोर्डो मलम लावतात. पुष्कळ ठिकाणी तो हातानेच फासला जातो. चुना हा अत्यंत अल्कधर्मी पदार्थ आहे, तर निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. चुन्याचा हात लागला की ते संतुलन बिघडते आणि स्निग्ध द्रव्य सुटू लागते. मलम ब्रशने लावावा. त्यासाठी हात वापरण्याचे काहीच कारण नाही.

संध्याकाळी हातांचा चिकटपणा व डाग काढण्यासाठी कपडे धुण्याची पावडर, धुण्याचा सोडा किंवा रॉकेल वापरण्याची चाल आहे. दिवसभरात जे नुकसान झाले नाही ते या पाच मिनिटांत होते. अंगाचा साधा साबण आणि कोमट पाणी यांनी जेवढा डाग जाईल तेवढा जाऊ द्यावा; उरलेला डाग दोन दिवस हातावर राहिला म्हणून बिघडत नाही. चीक किंवा डिंक फारच चिकटला असेल तर आधी थोडे खोबरेल तेल चोळून तो सैल करावा व मग साबण लावावा.

घट्ट्यांविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. चाकूच्या मुठीमुळे तर्जनीच्या मुळाशी व अंगठ्यावर घट्टा पडतो. घट्टा म्हणजे कातडीने स्वतःच्या रक्षणासाठी केलेला बांध होय, आणि थोडा घट्टा असणे चांगलेच. परंतु तो फार जाड झाला की वाकत नाही. मग बोट वाकताना घट्टा जेथे संपतो त्या कडेला मऊ कातडी फाटते. अशा वेळी बरेच जण हातातल्या त्याच चाकूने घट्टा तासतात. हे सर्वथा टाळावे. दिवसभर माती, साल व चीक यांत फिरलेले ते पाते असते, आणि एक ओढ जास्त झाली तर घट्ट्याखालची जिवंत कातडी कापली जाते. घट्टा कमी करावयाचा तर तो कोमट पाण्यात भिजवून वज्रीने हलक्या हाताने घासावा, आणि तोही एकाच दिवशी नव्हे तर रोज थोडा थोडा.

तेलाविषयीचा आक्षेप

हातांना तेल लावावे असे सुचविले की कलम बांधणारे एक ठराविक उत्तर देतात : तेलाच्या हाताने कलम लागत नाही, आणि चाकू निसटतो. हा आक्षेप खरा आहे, आणि तो कारागिराच्या अनुभवातून आलेला आहे. डोळ्याच्या मागील ओल्या भागाला किंवा खुंटाच्या उघड्या कापाला तेलाचे बोट लागले तर दोन ओल्या थरांच्या मध्ये तेलाचा पडदा येतो. तेलकट मूठही धोक्याची असते. म्हणून हा सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्याने वाद घालू नये. आक्षेप मान्य करूनच पुढे बोलावे.

चूक तेलात नाही, वेळेत आहे. तेल कामाच्या आधी लावावयाचे नसून काम संपल्यावर, रात्री लावावयाचे आहे. रात्रभर ते कातडीत मुरते, सकाळी वरचे उरलेले तेल साध्या साबणाने धुऊन टाकता येते, आणि कामाच्या वेळी हात मऊ पण कोरडा असतो. खात्री करून घेण्यासाठी सकाळी हात धुऊन पुसल्यावर अंगठा कोऱ्या कागदावर दाबून पाहावा. कागदावर पारदर्शक डाग उमटला नाही तर तो हात कलमाला लावण्यास योग्य समजावा.

चाकू निसटण्याच्या बाबतीत तर गोष्ट उलटी आहे. अगदी कोरडी, खरखरीत कातडी मुठीवर चांगली पकड घेत नाही; किंचित ओल असलेली लवचीक कातडी अधिक पकड घेते. कोरड्या नोटा मोजताना बोट ओले करावे लागते, ते याच कारणाने. कोरड्या हाताची पकड कमी पडली की माणूस मूठ अधिक आवळतो. मूठ आवळली की घट्टा वाढतो, आणि घट्टा वाढला की भेग वाढते.

रात्रीचा उपाय असा आहे. काम आटोपल्यावर हात कोमट पाण्यात साधारण दहा मिनिटे बुडवून ठेवावेत. पाणी कडकडीत नसावे. कढत पाण्याने बरे वाटते, पण उरलेले तेलही निघून जाते. साध्या साबणाने हात धुवावेत, घट्ट्यांवर वज्री फिरवावी आणि फडक्याने हात टिपून घ्यावेत. ते पूर्ण कोरडे करू नयेत. हात दमट असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत, स्निग्ध पदार्थ लावावा. ही सर्वांत महत्त्वाची बाब असून तीच नेमकी चुकते. तेल म्हणजे पाणी नव्हे. तेल हे आच्छादन आहे. वाळलेल्या वाफ्यावर पालापाचोळा पसरला म्हणून वाफ्यात ओल येत नाही. आधी पाणी द्यावे लागते व मग आच्छादन घालावे लागते. कोरड्या हातावर तेल चोळणाऱ्याला गुण येत नाही आणि तो तेलाला दोष देतो.

कोणता पदार्थ लावावा, हा प्रश्न त्या मानाने गौण आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी साधी, सुगंध नसलेली पेट्रोलियम जेली हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. कोकणात व गोव्यात रातांब्याच्या बियांपासून काढलेले कोकम तेल, ज्याला भिरंडेल म्हणतात, भेगांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. ते नेहमीच्या हवेत घट्ट असते. वड्याच्या रूपात मिळते आणि थोडे गरम केले की पातळ होते. विदर्भातही ते बाजारात मागवून घेता येते. मेण व खोबरेल तेल यांचे मलम घरी करता येते. १०० ग्रॅम खोबरेल तेलात २५ ग्रॅम मधमाश्यांचे शुद्ध मेण घालून ते भांडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवावे, मेण वितळले की ढवळून डबीत ओतावे. भांडे थेट चुलीवर ठेवू नये. जवसाचे तेल विदर्भात मुबलक असले तरी ते वाळताना चिकट पापुद्रा धरते, म्हणून या कामी ते सोयीचे नाही.

दोन्ही हातांना मिळून तुरीच्या तीन-चार दाण्यांएवढे मलम पुरे होते. भेगेत ते बोटाने दाबून भरावे. नंतर जुन्या सुती मोज्यांत हात घालून झोपावे. अंथरुणाला तेल लागते म्हणून घरची मंडळी कुरकुर करतात, त्यावरही मोजे हाच तोडगा आहे.

भेग खोल असेल तर मलम भरून वर कागदी चिकटपट्टी बोटाभोवती अशी लावावी की भेगेच्या दोन्ही कडा जवळ येतील. कडा जवळ राहिल्या तर भेग लवकर भरते. दर वेळी बोट वाकल्याने ती पुन्हा पुन्हा उघडत राहिली तर आठवडे जातात. रक्त येत असलेल्या बोटाने दोन-चार दिवस पाते दाबण्याचे काम करू नये. रोपवाटिकेत एक जण डोळा भरतो व दुसरा पट्टी बांधतो. तेवढे दिवस कामांची अदलाबदल करता येते. उजव्या अंगठ्यास मऊ कातड्याचे अंगुस्तान शिवून घेतले तर चाकूच्या कामात चांगला आधार मिळतो. रबरी हातमोजे मात्र डोळा भरताना चालत नाहीत, कारण सालीचा बोटाला होणारा स्पर्श त्यांनी जातो. ते औषध फवारणीसाठी व बोर्डो मलमासाठी राखून ठेवावेत. भेगाळलेल्या हाताने कीटकनाशक हाताळणे अधिक घातक असते, कारण निरोगी कातडी जो अटकाव करते तो फाटलेली कातडी करीत नाही.

यूरियाविषयी दोन शब्द. भेगांसाठी डॉक्टर पुष्कळदा यूरियायुक्त मलम देतात. १० टक्क्यांच्या आसपास यूरिया असलेले मलम कातडीत पाणी धरून ठेवते. त्याहून अधिक तीव्रतेचे मलम जाड घट्टा मऊ करते. हे ऐकून कोणी खताच्या पोत्यातील यूरिया पाण्यात कालवून हाताला लावू नये. खताचा यूरिया औषधाच्या शुद्धतेचा नसतो, आणि २०१५ पासून आपल्या देशात तो कडुनिंबाच्या तेलाचे वेष्टण देऊनच तयार केला जातो. उघड्या भेगेत तो झोंबेल आणि दाह करील.

चाकूची निगा

बोथट चाकू हा भेगांचा मित्र आहे. धार गेली की दाब वाढवावा लागतो. तो दाब अंगठ्यावर येतो. पेन्सिलीएवढी हिरवी काडी एका ओढीत, न दाबता तिरपी कापली गेली पाहिजे. धार अंगठ्यावर फिरवून पाहण्याची सवय सोडावी. धार पाहावयाची ती काडीवर किंवा कागदावर. कलमाच्या पुष्कळ चाकूंचे पाते एकाच बाजूने उतरते असते. अशा पात्याची ती एकच बाजू निसण्यावर घासावी आणि दुसरी सपाट बाजू केवळ कीस निघण्यापुरती एक-दोनदा टेकवावी. दोन्ही बाजूंनी घासलेला असा चाकू सरळ कापत नाही, तो आत शिरू पाहतो.

घडीचा चाकू उघडण्यासाठी पात्यावर नखाची खाच असते. खिळ्याच्या सांध्यात चीक व माती साचून सांधा घट्ट झाला की ती खाच ओढताना कोरडे नख तुटते किंवा नखाच्या कडेची भेग उघडते. आठवड्यातून एकदा सांधा जुन्या दातघाशीने साफ करून, पूर्ण वाळवून, त्यात यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा व पाते दहा-बारा वेळा उघडझाप करावे. नंतर पाते स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसावे, म्हणजे तेल कलमाला लागणार नाही. सांधा याच्या उलट फार सैल झाला असेल तर तो चाकू कामातून काढावा. खटका नसलेला सैल चाकू साल उचलताना बोटांवर मिटतो, आणि सुन्न गारठलेल्या बोटांना तो वेळेवर सावरता येत नाही. मूठ गुळगुळीत धातूची असेल तर तिच्यावर सुती चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत. पहाटेच्या थंडीत धातूची मूठ हाताला गारठविते व पकड कमी करते.

आता जंतुनाशकाचा प्रश्न येतो, आणि येथे कलमाचे हित व हाताचे हित परस्परविरोधी दिसतात. लिंबूवर्गीय झाडांचा एक्सोकॉर्टिस नावाचा रोग चाकूच्या पात्यावरून एका झाडातून दुसऱ्यात जातो. रंगपूर लिंबाचा खुंट या रोगास बळी पडणारा आहे. रोग झाल्यास खुंटाची साल उभी फाटून सोलते आणि झाड खुजे राहते. स्पिरिटने किंवा पाते ज्योतीवर धरून या रोगाचा भरवशाने नायनाट होत नाही. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण लागते. बाजारात मिळणाऱ्या ४ ते ५ टक्के द्रावणाचा १ भाग व पाणी ४ भाग घेतले की कामापुरते द्रावण होते. ते रोज ताजे करावे, कारण उन्हात व उघड्यावर त्याची ताकद उतरते. एका मातृवृक्षाच्या डोळकाड्या संपवून दुसऱ्याच्या घेताना पाते त्यात बुडवावे. हे काम टाळण्यासारखे नाही. परंतु हेच द्रावण हाताचे तेल घेऊन जाते आणि भेगेत आगीसारखे झोंबते. भेगा पडलेला कारागीर म्हणूनच पाते बुडविण्याची टाळाटाळ करतो, आणि रोग वाफ्याभर फिरतो.

यावर सोपी व्यवस्था आहे. द्रावण उथळ ताटलीत न ठेवता अरुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, केवळ पात्याच्या उंचीइतके भरावे. म्हणजे मूठ व बोटे बाहेर राहतील. दोन चाकू ठेवावेत : एक कामात असताना दुसरा डब्यात. काढलेला चाकू शेजारच्या स्वच्छ पाण्यात खळबळून फडक्याने पुसावा. फडके पुसण्यासाठीच असावे; पाते पँटला किंवा तळहाताला पुसू नये. दिवस संपल्यावर पाते पुन्हा धुऊन कोरडे करावे व तेलाचा हात द्यावा, नाही तर हे द्रावण पोलादास गंज आणते. संडास साफ करण्याचे आम्ल त्यात कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

गावातील काही उपायांविषयी

भेगेत बिब्बा घालण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते. काही जणांच्या अंगाला त्याने फोड येऊन सूज येते. संत्र्याच्या पाण्याने हात झोंबतो म्हणून ज्याने बिब्बा घातला, तो चार दिवस चाकू धरू शकत नाही. बिब्बा, काजू व आंबा ही एकाच कुळातील झाडे असून तिघांच्याही चिकात दाहक द्रव्ये आहेत. कोकणातील कलम बांधणाऱ्यांना हा त्रास चांगला परिचित आहे. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने भेग सांधण्याचा प्रकारही अलीकडे आढळतो. शस्त्रक्रियेत वापरला जाणारा गोंद वेगळा आणि तुटलेली वस्तू जोडण्याचा वेगळा. दुसऱ्याने मळ आत कोंडला जातो, आणि कडक झालेल्या गोंदाच्या कडेने नवी भेग पडते. हळद लावल्याने अपाय नाही, पण ती ओल राखीत नाही. लावावयाची तर मलमात मिसळून लावावी.

भेगेत माती व शेण जाणे धोक्याचे आहे, कारण धनुर्वाताचे जंतू मातीत व जनावरांच्या शेणात असतात. मातीने मळलेल्या पात्याने खोल जखम झाली आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. जखम लहान व स्वच्छ असली तरी दहा वर्षांत एकदा मात्रा घेतलेली असावी. आधी जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी.

प्रत्येक फुटलेला हात थंडीमुळेच फुटलेला असतो असे नाही, आणि हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावे. थंडीच्या भेगा दोन्ही हातांना असतात व दुखतात. एकच तळहात कोरडा, भुशी पडणारा व त्यासोबत दोन्ही तळपायही तसेच असतील तर ती बुरशीची लागण असू शकते. तिला तेल नव्हे, बुरशीनाशक मलम लागते. खाज सुटून बारीक पाण्याचे फोड येत असतील, किंवा गाजरगवत उपटल्यानंतर हात, मान व पापण्या एकदमच सुजत असतील, तर ते वनस्पतीच्या संसर्गाने होणारे दुखणे होय. भेगेभोवती लाली पसरणे, पू होणे, हातावरून वर तांबडी रेघ चढणे किंवा ताप येणे यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेह असलेल्याने साध्या भेगेकडेही दुर्लक्ष करू नये.

सर्वांत अधिक काळजी वाटावी ती न दुखणाऱ्या भेगेची. चाकू लागला तरी कळत नाही, विडीने बोट भाजले तरी समजत नाही, कोठे तरी फिकट वा लालसर सुन्न चट्टा आहे, असे असल्यास कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचा औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होतो आणि वेळेवर सुरू केला तर बोटे शाबूत राहतात. कार्यकर्त्याने ही गोष्ट चारचौघांत न बोलता त्या माणसाशी एकांतात बोलावी.

प्रात्यक्षिक

हाताला तेल लावण्याचा उपदेश ऐकून कोणी तेल लावीत नाही. म्हणून हंगामाच्या आरंभी, भेगा खोल होण्यापूर्वी, प्रत्येक रोपवाटिकेत दोन-तीन तयार कारागिरांच्या हातांवरच प्रात्यक्षिक घ्यावे. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवरील भेगा मोजून वहीत लिहाव्यात, कोणत्या बोटावर किती हेही नोंदवावे. दोन्ही हात रोज रात्री कोमट पाण्यात सारखेच भिजवावेत व सारख्याच साबणाने धुवावेत. मात्र मलम व मोजा डाव्या हाताला द्यावा आणि उजवा हात तसाच ठेवावा. डाव्या हाताला मलम देण्याचे कारण एवढेच की चाकूच्या हाताला तेल लागेल ही शंका कोणाच्या मनात राहू नये. मलम डबीत भरून कार्यकर्त्याने स्वतः द्यावे. ‘आणून लावा’ असे सांगून सोडू नये.

पंधरा रात्री झाल्यावर सर्वांना वाफ्यावर बोलावून दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवावयास सांगावे आणि भेगा पुन्हा मोजाव्यात. चाकूच्या हातावर मुळात ताण अधिक असतो, हे प्रामाणिकपणे सांगून टाकावे. म्हणूनच पहिल्या दिवसाची मोजणी महत्त्वाची. प्रत्येक हाताची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या नोंदीशी करावी. प्रात्यक्षिकाच्या काळात भरलेल्या डोळ्यांच्या ओळींना खुणेच्या काड्या लावून ठेवाव्यात. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्यावर हिरवे राहिलेले डोळे मोजता येतील आणि तेलाने कलम मेले की नाही हे ज्याचे त्याला दिसेल. त्या दिवसापासून कारागिराने उजव्या हातालाही मलम सुरू करावे. बहुधा तो ते आधीच सुरू करून बसलेला असतो.